लिटल लीगच्या बोर्डावर जायचं का, आणि गेलात तर काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एका उपनगरात तीनेकशे मुलांची लिटल लीग (पालकांनी चालवलेली मुलांची बेसबॉल लीग) आहे. अध्यक्ष आणि खजिनदार दोघांचीही मुलं मोठी झाली, त्यामुळे ते यंदा बाहेर पडतायत. तुम्हाला उपाध्यक्षपदासाठी विचारणा झालीय. तुम्ही क्रिकेटवर वाढलेले, बेसबॉल मुलामुळे आत्ता कुठे कळायला लागलंय. मागच्या मोसमात टीम निवडण्यावरून भांडणं झाली, कामाला माणसं मिळत नाहीत आणि आहेत ती चार डोकी वैतागलेली आहेत. पद घ्यावं का, आणि घेतलं तर सुरुवात कुठून करावी?

घ्या. बेसबॉल खेळलेला नाहीत याची फिकीर करू नका. मी मॅनेजर (मुख्य कोचला इथे मॅनेजर म्हणतात), प्लेयर एजंट (मुलांची टीम-निवड पार पाडणारा) आणि खजिनदार अशी तिन्ही कामं वेगवेगळ्या वर्षी केली आहेत. खेळाची जाण लागली ती फक्त पहिल्यात. खेळ कळणारे लोक बोर्डावर नेहमीच पुरेसे असतात. याद्या करणारे, फोन करणारे आणि ठरलेला नियम स्वतःच्या मित्रालाही लावणारे मात्र शोधावे लागतात. माझ्या पाहण्यात लीग खिळखिळ्या झाल्या त्या दोन कारणांनी. सगळं काम पाच-सहा जणांच्या गळ्यात पडतं, आणि नियम भांडण समोर उभं राहिल्यावर ठरवले जातात. दोन्हीचा बंदोबस्त हिवाळ्यातच करावा लागतो. एप्रिलमध्ये पहिला सामना सुरू झाला की कोणालाच उसंत नसते. म्हणून माझं बरंचसं उत्तर नोव्हेंबर ते मार्च या काळाबद्दल आहे.

आधी संस्था कशी बांधलेली आहे ते बघा. लिटल लीग १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ यांनी तीन टीम घेऊन सुरू केली. टीमना पैसे दिले ते गावातल्याच धंदेवाल्यांनी: एक लाकडाची वखार, एक डेअरी, एक प्रेट्झेल कंपनी. आजही आउटफिल्डच्या कुंपणावर दंतवैद्य आणि पिझ्झावाल्यांचे फलक लागतात, ते त्याच परंपरेतले. प्रत्येक गावची लीग ही स्वतंत्र ना-नफा संस्था असते. ती दरवर्षी विल्यम्सपोर्टहून चार्टर (मान्यतापत्र) घेते, पण तिची घटना, निवडणूक आणि बँकखातं तिचं स्वतःचं. वरून नियमपुस्तक, विम्याची सोय आणि स्पर्धांची साखळी मिळते. माणसं आणि मैदान तुमचं तुम्ही बघायचं. काही गावांत लिटल लीगऐवजी बेब रूथ लीगचा कॅल रिपकन विभाग किंवा पोनी असते. या दोन्ही संघटना १९५१ पासूनच्या आहेत. तिथे पाटी वेगळी, दुखणी हीच. मी खाली आकडे देतोय ते लिटल लीगचे, पण नियमपुस्तकात दरवर्षी बदल होतात, तेव्हा यंदाची प्रत जवळ ठेवा.

आता माणसांचा प्रश्न. तीनशे घरांना "स्वयंसेवक हवे आहेत" अशी ईमेल पाठवली, तर प्रत्येक घराला वाटतं की ती बाकीच्या दोनशे नव्व्याण्णवांसाठी आहे. त्या ईमेलचा उपयोग एवढाच की पुढे कोणी "आम्हाला कळवलंच नाही" म्हणू शकत नाही. माणूस मिळतो तो नाव घेऊन, एका ठरावीक कामासाठी विचारल्यावर. "थोडी मदत कराल का?" याला उत्तर येतं "बघू". "एप्रिलचा दुसरा शनिवार, सकाळी साडेआठ ते साडेदहा, कन्सेशन स्टँडवर कॉफी आणि बेगल विकायचे, तुमच्या जोडीला एक जण असेल" याला हो किंवा नाही यापैकी एक येतं, आणि दोन्ही उपयोगी असतात. नाही म्हणणाऱ्याला लगेच विचारा, "मग घरून करता येण्यासारखं काही चालेल?" वेळापत्रक लावणं, फोटोंचा दिवस ठरवणं, युनिफॉर्मच्या मापांची यादी नीट करणं ही कामं रात्री दहा वाजता स्वयंपाकघरात बसून होतात. शनिवारी नोकरी असलेली आई ती आनंदाने करते, फक्त तिला कोणी विचारलेलं नसतं.

त्यासाठी आधी कामाचे तुकडे करावे लागतात. 'इक्विपमेंट मॅनेजर' हे पद ऐकलं की माणूस पळतो, कारण त्याला कळतच नाही की हे संपतं कधी. तेच काम तीन वेळा एक-एक दुपार असं मांडा: डिसेंबरात शेडमधलं सामान मोजायचं आणि तडे गेलेली हेल्मेट बाजूला काढायची, मार्चमध्ये टीमवार पिशव्या भरायच्या, जूनमध्ये त्या परत घ्यायच्या. मग घेणारा मिळतो. मोजताना बॅटवर 'यूएसए बेसबॉल'चा (अमेरिकेतल्या राष्ट्रीय बेसबॉल संघटनेचा) शिक्का आहे का तेही बघायला सांगा. २०१८ पासून मुलांच्या विभागांत शिक्का नसलेल्या जुन्या धातूच्या बॅट चालत नाहीत, आणि शेडमध्ये त्या हमखास सापडतात. कुणीतरी प्रेमाने दान केलेल्या असतात.

काही लीग नोंदणीच्या वेळी जास्तीचा चेक घेऊन ठेवतात. दोन पाळ्या केल्या की चेक परत, नाहीतर वटवायचा. कन्सेशन स्टँड आणि मैदान-सफाईपुरता हा उपाय चालतो. कोच मिळवायला तो वापरू नका. पैसे वाचवायला कोच झालेला माणूस बारा मुलांसमोर उभा करणं कोणाच्याच हिताचं नाही.

आपल्या लोकांबद्दल एक. आपण मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि म्हणतो, आपल्याला यातलं काय कळतंय. पण ज्यांनी कॉलेजात क्रिकेटच्या सामन्यांचं स्कोअरिंग केलंय, त्यांना बेसबॉलचं स्कोअरबुक दोन सामन्यांत जमतं, आणि नीट स्कोअर लिहिणारा माणूस या लीगमध्ये सोन्याच्या मोलाचा आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पाचशे माणसांची पंगत उठवलेली मंडळी कन्सेशन स्टँड डोळे मिटून चालवतील. एडिसन काय किंवा रॉबिन्सव्हिल काय, देशी मुलं मैदानावर दिसतात, पण बोर्डाच्या खोलीत त्या प्रमाणात दिसत नाहीत. तुम्ही आत गेलात की बाहेरच्या खुर्च्यांवरच्यांना त्यांच्या नावाने हाक मारा. रविवारच्या मराठी शाळेची वेळ आणि सामन्यांची वेळ आपटते हे वेळापत्रक लावणाऱ्याच्या कानावर घालायलाही आत कोणीतरी हवंच.

बाहेर पडणाऱ्या अध्यक्षांना आणि खजिनदारांना सोडण्याआधी लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसा. नोंदणीच्या वेबसाइटचा पासवर्ड कोणाकडे, बँकेचा सहा आकडी कोड कोणाच्या फोनवर येतो, शेडच्या कुलपाची किल्ली किती जणांकडे, टाउनशिपच्या रिक्रिएशन खात्यात मैदानाचा परवाना कोण देतं आणि त्याची मुदत कधी, युनिफॉर्मवाल्याला ऑर्डर कधी जावी लागते. ही सगळी माहिती बहुतेक वेळा एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि तो माणूस फ्लोरिडाला राहायला जातो. प्रत्येक पदासाठी एक पान लिहून घ्या. एकच पान. दहा पानी दस्तऐवज कोणी उघडत नाही.

पार्श्वभूमी तपासणीत मात्र कोणालाही सूट नको. मॅनेजर, कोच, बोर्डाचे सदस्य आणि मुलांशी ज्यांचा वारंवार संबंध येतो असा प्रत्येक जण दरवर्षी तपासला गेला पाहिजे, आणि तपासणी पुरी होईपर्यंत त्याने मैदानात पाऊल टाकायचं नाही. "अहो, ते तर पोलिसात आहेत" किंवा "वीस वर्षं ओळखतो मी त्यांना" याने फरक पडू देऊ नका. २०१८ च्या फेडरल कायद्यानुसार अशा संस्थांमधल्या प्रौढांना मुलाच्या लैंगिक शोषणाचा संशय आला, तर चोवीस तासांच्या आत ते कळवणं बंधनकारक आहे. न्यू जर्सीत तर मुलाचा छळ होत असल्याचा रास्त संशय आलेल्या कोणाही माणसावर कळवण्याची जबाबदारी आहे. आपल्याकडे हा विषय भिडेखातर टाळला जातो. इथे भीड धरायची नाही. एका मोठ्या माणसाने एकाच मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, मग ती बॅटिंगची जास्तीची प्रॅक्टिस असो की पावसात घरी सोडणं असो. पहिल्याच सभेत सगळ्यांना हे सांगून टाकलं की नंतर कोणाला ते टोचत नाही.

याच्याच शेजारची गोष्ट: न्यू जर्सीत १९८६ पासून असलेल्या कायद्याप्रमाणे स्वयंसेवक कोचला दिवाणी दाव्यांपासून संरक्षण मिळतं, पण ठरलेलं सुरक्षा प्रशिक्षण घेतलेलं असेल तरच. त्यासाठी रटगर्स विद्यापीठाने आखलेला तीन तासांचा वर्ग बऱ्याच टाउनशिप घेतात. १९९७ चा फेडरल कायदाही स्वयंसेवकांना साध्या निष्काळजीपणाच्या दाव्यातून वाचवतो, घोर निष्काळजीपणातून वाचवत नाही. कोचांचे दाखले एका फोल्डरमध्ये ठेवणारा माणूस नेमा. कामाला अर्धा तास लागतो.

आता टीम-निवड. मागच्या वर्षीची भांडणं इथलीच आहेत, आणि ती पुन्हा होतील असं धरून चाला. तक्रार सगळीकडे एकच असते: मॅनेजर लोक आपापली मुलं आणि मुलांचे मित्र एका टीममध्ये जमवतात, मग ती टीम सगळ्यांना चोपते. काही वेळा हे खरं असतं. काही वेळा नुसता संशय असतो, पण संशयानेही तेवढंच नुकसान होतं.

उपाय कागदाचा आहे. फेब्रुवारीत शाळेच्या जिममध्ये मूल्यमापन होतं. प्रत्येक मुलाच्या पाठीवर नाव नको, आकडा लावा. जमिनीवरून येणारे चेंडू, उंच झेल, फेक, धावणं आणि बॅटिंग अशा पाच गोष्टींना गुण द्या. गुण देणाऱ्यांत मॅनेजरांखेरीज निदान दोन-तीन असे हवेत ज्यांचं त्या विभागात मूल नाही. गावातल्या हायस्कूलच्या टीममधली मुलं हे काम छान करतात, आणि त्यांना समाजसेवेच्या तासांची नोंद मिळते. निवडीत मॅनेजर आळीपाळीने एकेक मूल उचलतात, अशा प्रत्येक पाळीला फेरी म्हणतात, आणि मॅनेजरचं स्वतःचं मूल त्याच्याच टीममध्ये जातं. म्हणून त्या गुणांवरून, निवड सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक मॅनेजरचं मूल कितव्या फेरीत धरायचं ते लिहून टाका. बापाला विचारलंत तर तो म्हणणार माझा मुलगा सहाव्या फेरीतला, आणि बाकीच्यांना तो दुसरीतला वाटणार. गुणपत्रक म्हणेल तेच. सहायक कोचची नेमणूक निवडीनंतर करा. आधी केली की दोन बाप ठरवून येतात आणि दोन चांगली मुलं एका टीमला आंदण जातात. भावंडांचं काय करायचं हेही आधीच ठरवा, कारण जुळ्यांची आई दोन मैदानांवर एकाच वेळी असू शकत नाही, आणि तिची तक्रार रास्तच आहे.

निवडीच्या रात्री खोलीत प्लेयर एजंट प्रमुख. ज्या विभागाची मुलं त्याच्या हाती आहेत त्या विभागात हा माणूस मॅनेजर, कोच किंवा अंपायर असू शकत नाही, तसा नियमच आहे. लहान लीगमध्ये माणसं कमी म्हणून नेमका हाच नियम वाकवला जातो. तुम्ही वाकवू नका. बोर्डावर एकच जागा नीट भरता येत असेल तर ही भरा: ज्याच्याशी कोणाचं वैर नाही आणि जो कोणाच्या बार्बेक्यूला जात नाही असा माणूस. कोण कितव्या फेरीत गेलं ते त्या खोलीबाहेर जाता कामा नये. दहा वर्षांच्या पोराला शाळेच्या बसमध्ये कळतं की त्याला सगळ्यात शेवटी उचललं, आणि त्याचं बेसबॉल तिथेच संपतं.

मुलींबद्दलही याच वेळी बोलून घ्या. १९७२ मध्ये होबोकनच्या मारिया पेपेला ती मुलगी आहे म्हणून तीन सामन्यांनंतर लीगमधून बाहेर काढलं गेलं होतं. प्रकरण न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागाकडे आणि पुढे कोर्टात गेलं, आणि १९७४ पासून लिटल लीगची दारं मुलींना उघडली. तरीही नोंदणीच्या टेबलावर कोणीतरी सहज म्हणतं, "सॉफ्टबॉलची रांग तिकडे." टेबलावर बसणाऱ्याला आधी सांगून ठेवा की कुठे खेळायचं ते मुलीलाच विचारायचं.

खेळवण्याचा नियम साधा आहे. प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात सहा आउट होईपर्यंत फिल्डिंग आणि किमान एकदा बॅटिंग मिळालीच पाहिजे. राहिलं तर पुढच्या सामन्यात त्या मुलाने सुरुवातीपासून खेळायचं आणि राहिलेलं भरून द्यायचं. ही तळाची मर्यादा आहे. नऊ-दहा वर्षांच्या विभागात मी तर म्हणेन की सगळी टीम ओळीने बॅटिंग करू दे आणि कोणीही लागोपाठ दोन डाव बाहेर बसू नये. लीगला तसे स्थानिक नियम करता येतात, ते मार्चच्या सभेत मंजूर करून घ्या. टी-बॉलच्या (खुंटीवर ठेवलेला चेंडू मारायचा प्रकार) चार ते सात वर्षांच्या मुलांचा तर स्कोअरच ठेवू नका. तिथे यशाचं एकच माप आहे, मूल पुढच्या वर्षी परत येतं का.

पिचिंगच्या (बेसबॉलमधल्या गोलंदाजीच्या) आकड्यांवर मात्र मी कोणाशीही तडजोड करत नाही. लिटल लीगमध्ये २००७ पासून डावांऐवजी चेंडू मोजले जातात. ७-८ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५. चौदापर्यंतच्या मुलांना ६६ च्या वर गेल्यास चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन, ३६ ते ५० ला दोन, २१ ते ३५ ला एक. ४१ किंवा जास्त चेंडू टाकलेल्या मुलाने त्या दिवशी पुढे कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा) व्हायचं नाही, कारण कॅचरही सबंध सामनाभर चेंडू परत फेकतच असतो. यामागे शरीररचना आहे. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची कूर्चा हाडापेक्षा मऊ असते आणि वारंवारच्या ताणाने तीच आधी दुखावते. डॉक्टरांच्या भाषेत या दुखण्याचं नावच 'लिटल लीग एल्बो' आहे.

मोजणी कशी करायची ते बघा. दोन्ही टीमचा एकेक माणूस हातात क्लिकर घेऊन एकाच टेबलाशी बसतो. बॅटरने फटकावलेला, फाउल गेलेला, सोडलेला, सगळे चेंडू धरायचे. डावाआधीचे सरावाचे धरायचे नाहीत. अर्धा डाव संपला की दोघांनी आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. एक म्हणतो बावीस, दुसरा तेवीस. फरक तिथल्या तिथे, पुढचा पिचर वर जायच्या आत मिटवायचा. सामना संपल्यावर ६५ की ६६ हा वाद निघाला, तर तो मुलगा शनिवारी टाकणार की नाही यावर दोन मॅनेजर पार्किंगमध्ये उभे राहतात आणि खरा आकडा आता कोणालाच आठवत नसतो. मर्यादा गाठली तेव्हा समोर बॅटर असेल तर त्याला पुरं करू देतात, हेही टेबलावरच्या दोघांना माहीत हवं.

यातलं मोठं भोक मात्र नियमपुस्तक बुजवू शकत नाही. तुमच्या वहीत मंगळवारचे ६० चेंडू आहेत, आणि तोच मुलगा रविवारी ट्रॅव्हल टीमकडून (बाहेरगावी जाऊन खेळणाऱ्या निवडक टीमकडून) अजून सत्तर टाकून आलेला असतो. तो हिशेब तुमच्या लीगकडे येतच नाही. पालकांना सभेत स्पष्ट सांगा: हात एकच आहे, वह्या दोन आहेत, बेरीज तुम्ही ठेवायची. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' नावाची वयवार मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती सगळ्या टीमना मिळून लागू धरायची असतात. तो तक्ता छापून प्रत्येक पिचरच्या घरी द्या. ऐकणारे ऐकतात.

मैदानाबद्दल सगळे बेफिकीर असतात, आणि मला त्यात विशेष गोडी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बेसमधलं अंतर ६० फूट, पिचरच्या पट्टीच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या (जिथे बॅटर उभा राहतो) मागच्या टोकापर्यंत ४६ फूट. मोजायची फीत घेऊन होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंत तिरपं मोजा, ८४ फूट सव्वादहा इंच यायला हवं. आलं नाही तर कुठला तरी बेस सरकलाय. मातीचा भाग सारखा करायला जाळीचा ड्रॅग ओढतात. बहुतेक बापमंडळी उत्साहात तो थेट गवतावर नेतात. तसं केलं की दर वेळी मूठभर माती गवताच्या कडेला साचते आणि दोन मोसमांत तिथे दोन-तीन इंचांचा उंचवटा तयार होतो. जमिनीलगत येणारा चेंडू त्यावर आपटून थेट शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या फिल्डरच्या) तोंडावर उडतो. मुलगा चुकला असं सगळ्यांना वाटतं, खरं तर चूक ड्रॅग ओढणाऱ्याची असते. गवताच्या एक फूट अलीकडे थांबायचं आणि कडेची पट्टी हाताने दाताळं घेऊन, कडेला समांतर ओढायची. पावसाचं डबकं साचलं तर झाडूने गवताकडे ढकलू नका, पाण्याबरोबर माती जाते आणि पुढच्या पावसात डबकं आणखी खोल होतं. स्पंजने किंवा हातपंपाने पाणी उपसा, मग भाजलेल्या चिकणमातीचे दाणे मिळतात ते पसरा. पोतं महाग असतं, म्हणून आधी पाणी काढायचं.

मैदान चालू की बंद, हे दुपारी ठरावीक वेळी एकाच माणसाने जाहीर करायचं. न्यू जर्सीतल्या एप्रिलमध्ये हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. मेघगर्जना ऐकू आली की सगळे गाडीत किंवा इमारतीत. डगआउट (मैदानाकडेचा खेळाडूंचा आडोसा) ही इमारत नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं, मधे पुन्हा ऐकू आला तर घड्याळ पुन्हा शून्यावर. आणि एईडी यंत्र (थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं) शेडच्या कुलपात ठेवू नका. निरोगी मुलाच्या छातीवर नेमक्या क्षणी चेंडू बसला तर हृदय थांबू शकतं. क्वचित घडतं, पण घडलं तर मिनिटांचा खेळ असतो, आणि त्या वेळी किल्लीवाला माणूस दुसऱ्या मैदानावर असतो.

अंपायर मिळत नाहीत याचं कारण पालक आहेत. लहान विभागांत तेरा-चौदा वर्षांची पोरं अंपायरिंग करतात, आणि चाळिशीचा माणूस स्ट्राइकवरून त्यांच्यावर ओरडतो. न्यू जर्सीतल्याच डेप्टफर्डच्या लिटल लीगने २०२३ मध्ये नियम केला की अंपायरला शिव्या घालणाऱ्या पालकाने तीन सामन्यांत स्वतः अंपायरिंग करायचं, तोपर्यंत मैदानात प्रवेश नाही. देशभर बातम्या झाल्या. तुमच्या लीगला एवढं टोक गाठायची गरज नसेल, पण मुलगा अंपायर असेल तेव्हा त्याच्याशी फक्त मॅनेजरने बोलायचं आणि आपल्या बाजूच्या पालकांना गप्प करणं हेही मॅनेजरचंच काम, एवढं नोंदणीच्या फॉर्ममध्ये लिहा आणि सही घ्या. ओरडणाऱ्याला बोर्डाचा माणूस कुंपणापाशी जाऊन हळू आवाजात सांगतो, "चला, जरा पार्किंगपर्यंत फिरून येऊ." बहुतेक जण येतात.

पैशांचं थोडक्यात. वर्षाचं एकूण उत्पन्न साधारणपणे ५०,००० डॉलरच्या आत असेल तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) छोटा ऑनलाइन फॉर्म पुरतो, वर गेलं तर मोठा लागतो. सलग तीन वर्षं भरला नाही तर करमाफी आपोआप जाते. नवा खजिनदार आला की आधी हेच तपासा. कन्सेशन स्टँडची रोकड दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची. बँकेचं स्टेटमेंट खजिनदाराखेरीज आणखी कोणीतरी दर महिन्याला उघडून बघायचं. खजिनदार असताना मीच हा आग्रह धरला होता, कारण पैसे कमी पडले की संशय आधी त्याच्यावर येतो. फी न परवडणाऱ्या घरांसाठी माफीची सोय ठेवा, आणि त्यासाठी कागदपत्रं मागू नका. फॉर्मवर एक चौकोन पुरे.

जूनमध्ये ऑल-स्टार टीमची, म्हणजे लीगमधल्या सगळ्यात चांगल्या मुलांच्या टीमची, निवड येईल. ऑगस्टमध्ये टीव्हीवर दिसणाऱ्या विल्यम्सपोर्टच्या स्पर्धेची पहिली पायरी तीच, म्हणून घरोघरी डोकी तापतात. बारा-तेरा मुलं आत, बाकी सगळी बाहेर. निवड कोण करणार, मतं कोणाची धरणार, हे मार्चच्या सभेत ठरवून वेबसाइटवर टाका. तरीही फोन येतील. उत्तर एकच द्या, पद्धत कशी आहे ते. दुसऱ्या मुलाशी तुलना कधीही करू नका, समोरच्याने केली तरी.

हो म्हणायच्या आधी त्यांच्याकडे तीन गोष्टी मागा: संस्थेची घटना, गेल्या वर्षभराची बँक स्टेटमेंट्स आणि मागच्या सभांचे वृत्तांत. खळखळ न करता दिली तर लीग ठीक आहे, नुसती दमलेली आहे. तुम्ही खुशाल जा. "कशाला हवंय ते आत्ता, आधी या तर खरं" असं उत्तर आलं तर पद घेऊ नका, त्याऐवजी एक टीम घ्या आणि वर्षभर बघा. पद घेतलंत तर पहिल्याच सभेत सांगा की मी दोन वर्षं आहे, आणि जानेवारीपासून एका माणसाला सोबत घेऊन फिरा, जो तुमच्यानंतर हे करेल. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या तर तव्याशी दोघं हवेत. नोव्हेंबरची निवडणूक जवळ आलीय, तेव्हा ती तीन कागदपत्रं याच आठवड्यात मागून घ्या.